शंभरातले शंभर

आमच्या घरात शेंगदाणे निवडायचं काम अप्पांचं. आईनं निवडलेले त्यांना चालायचे नाहीत. रविवारी सकाळी अंघोळ उरकून ते पिंपळे गुरवच्या आमच्या दोन खोल्यांतल्या पुढच्या खोलीत मांडी घालून बसायचे. पुढ्यात परात, उजव्या हाताला स्टीलचा डबा, डाव्या हाताला एक जुनं लाल झाकण. चांगला दाणा उजवीकडे, खवट, किडका, खडा डावीकडे. एकेक दाणा अंगठा आणि बोटात धरून फिरवायचे. आई करवादायची, "दोन किलो दाण्यापायी आख्खा रविवार घालवायलेत." अप्पा मान वर न करता म्हणायचे, "ओके उजवीकडं, रिजेक्ट डावीकडं. हात कदी चुकायचा नाई." आणि खरंच चुकायचा नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. महाळुंग्यात दुचाकीच्या ब्रेकचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे, तिथे ते इन्स्पेक्टर होते. इन्स्पेक्टर म्हणजे साहेब वगैरे काही नाही, टेबलाशी बसून तयार माल तपासणारा माणूस. परभणीकडच्या गावातून दहावी नापास होऊन आले, हेल्पर म्हणून लागले आणि टेबलावर बसले ते केवळ अंगठ्याच्या जोरावर. धातूच्या कडेला राहिलेलं बारीक कुसळ त्यांच्या अंगठ्याला डोळ्यांच्या आधी कळायचं. इंग्रजी येत नव्हतं, पण ड्रॉइंगवर छापलेले दहा-पंधरा इंग्रजी शब्द ते लांबून ओळखायचे. त्यांतलाच एक शब्द आमच्या दोघांच्या मध्ये आला, आणि तो आणला मी.

मला विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळाला त्या दुपारी अप्पा पहिली शिफ्ट करून नुकतेच आले होते. पायातले सेफ्टी शूजसुद्धा काढले नव्हते. मी मोबाईलवरची यादी त्यांच्यापुढे धरली. माझं नाव, आणि पुढे इंग्रजीत विषय: क्रिटिकल थिअरी. अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि असे काही हसले की आई ओट्यापासून धावत आली.

"क्रिटिकल?" ते म्हणाले. "अगं माय, आमच्यातलं क्रिटिकल?"

मग मला समोर बसवून त्यांनी सांगितलं. "ड्रॉइंगवर पन्नास मापं असतेत. बाकीची शंभर नगांतले पाच घेऊन बगायची, झालं. पण ज्या मापापुढं क्रिटिकल लिवलेलं हाय ना, ते शंभरातले शंभर बगायचं. एक बी सोडायचा नाई. कामून? तर ते माप चुकलं की ब्रेक लागत नाई. अन् ब्रेक नाई लागला की कुणाचं तरी लेकरू जातंय." चष्मा पुन्हा नाकावर घेत म्हणाले, "मंजे तू माणसाच्या जिवाचं शिकायलीस."

"अप्पा, तसं नाही हो ते," मी म्हणाले. मी बावीस वर्षांची होते आणि मला जगातलं सगळं कळत होतं. "हे वेगळं क्रिटिकल. म्हणजे चिकित्सा. समाज असा का आहे, सत्ता कुणाच्या हातात, भाषा कुणाची, असे प्रश्न विचारायचे." त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरं," म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून कंपनीच्या बसमध्ये, गिरणीत, किराणा दुकानात, भेटेल त्याला सांगत सुटले, "पोरगी क्रिटिकल शिकती. शंभरातले शंभर!" मला त्याची लाज वाटायची, हे आत्ताच सांगून टाकते.

आमचा अभ्यासक्रम म्हणजे अजब प्रकरण होतं. त्याला स्वतःची इमारतच नव्हती. सोमवारी मराठी विभागात तास, मंगळवारी समाजशास्त्रात, गुरुवारी कायदेवाल्यांकडे आणि शनिवारी आर्किटेक्चरच्या स्टुडिओत उंच स्टुलांवर पाय लोंबकळत ठेवून. कुठेही गेलो की शिपाई विचारायचा, "तुम्ही कुणाचे?" सोमवारी कसाबसा कळलेला शब्द गुरुवारी भलताच अर्थ घेऊन समोर यायचा. झेरॉक्सचे गठ्ठेच्या गठ्ठे. एका पानाला पाच वेळा शब्दकोश. बसमध्ये उभ्याउभ्या वाचायचे आणि काही कळलं नाही की डोळ्यांत पाणी यायचं. खोटं कशाला बोलू, पहिले सहा महिने मी नुसत्या माना डोलवण्यात काढले. बाकीची पोरं इंग्रजीत वाढलेली. त्यांच्या घरी म्हणे जेवणाच्या टेबलावर असल्या चर्चा व्हायच्या. आमच्या घरी टेबलच नव्हतं.

तर एका मंगळवारी मॅडमनी, ज्या पुढे माझ्या गाइड झाल्या, सगळ्यांना विचारलं, "क्रिटिकल हा शब्द तुमच्या घरी कोण वापरतं? कसा वापरतं?" कुणी आजोबांच्या पुस्तकपरीक्षणांचं सांगितलं, कुणी डॉक्टर आईचं. माझी पाळी आली. मी अप्पांचं सांगितलं. त्यांच्या बोलीत, त्यांच्या हातवाऱ्यांसकट, "कुणाचं तरी लेकरू जातंय" हेसुद्धा त्यांच्याच सुरात. वर्ग खोखो हसला. त्या वर्गात पहिल्यांदाच सगळ्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मधल्या सुट्टीत दोघीजणी माझ्या शेजारी येऊन बसल्या. मला बरं वाटलं. अगदी मनापासून सांगते, फार बरं वाटलं.

मग काय, मला युक्तीच सापडली. जिथे जाईन तिथे हा किस्सा सांगायचा. एम.ए. झालं, पीएच.डी.ला लागले, विषय घेतला चाकण पट्ट्यातल्या कामगारांची भाषा. किस्सा माझ्याबरोबर होताच.

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी ताथवड्याच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात मोठी परिषद भरली. सगळ्या विद्याशाखांचे लोक एकत्र येणार, आणि मला वीस मिनिटं मिळाली होती. घरापासून स्कूटरनं अर्ध्या तासावर, म्हणून मी घरी सहज बोलून गेले होते. अप्पांची पहिली शिफ्ट होती. त्या आठवड्यात ते कंपनी सोडून येतील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

निबंध इंग्रजीत होता. सुरुवात अर्थातच किश्शानं. माझे वडील कारखान्यात आहेत, मी क्रिटिकल थिअरी शिकते म्हटल्यावर त्यांना वाटलं मी ब्रेक तपासायला शिकतेय. सभागृह हसलं. मी सराईतासारखी थांबले, हसू ओसरू दिलं आणि पुढचं वाक्य टाकलं: कारखाना माणसात इतका मुरतो की चिकित्सेचा शब्दसुद्धा त्याच्या तोंडी मापाचा शब्द होऊन येतो. पुन्हा हशा. मी मान वर केली, आणि शेवटच्या रांगेत, दाराजवळ, लग्नाकार्याचा क्रीम शर्ट घातलेले अप्पा दिसले. मांडीवर डब्याची पिशवी. तेही हसत होते. सगळ्यांच्या जरा मागून, सगळे हसतायत म्हणून.

तरी मी वाचत राहिले. कामगाराकडून त्याची भाषा कशी काढून घेतली जाते, हे मी इंग्रजीत पुढची पंधरा मिनिटं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी सगळ्यांत जास्त वेळ वाजवल्या.

चहाच्या वेळी मी त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत ते प्राध्यापकांच्या घोळक्यात शिरले होते. हात जोडून म्हणाले, "मीच तिचा फादर. ते क्रिटिकलचं मीच सांगितलं व्हतं हिला." अभिमानानं सांगितलं हो! एका गृहस्थांच्या हातातला चहा हसण्यानं हिंदकळला. दुसऱ्यांनी पाठीवर थाप मारली, "वा वा, तुम्ही तर फेमस झालात!" अप्पांनी दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघितलं. ती नजर मी ओळखत होते. हातातला नग फिरवताना ते असंच बघायचे, काहीतरी बोटाला लागलंय पण दिसत नाहीये अशा वेळी.

घरी येताना मी स्कूटरवर मागे बसले होते. डांगे चौकात सिग्नल लागला. अप्पांनी मागे न बघता विचारलं, "हसले कामून गं ते?"

"आवडलं त्यांना, अप्पा."

सिग्नल सुटला. पुढचं वळण आलं. मग म्हणाले, "मला वाटलं माझं काई चुकलं."

देवा शप्पथ सांगते, तेव्हा बोलायला हवं होतं. नाही अप्पा, माझं चुकलं, तुमच्या जिवावर मी लोकांना हसवलं, एवढंच. दहा शब्दसुद्धा होत नाहीत. मी काय म्हणाले? "छे हो, काहीतरीच तुमचं." आणि मोबाईल काढून परिषदेचे फोटो बघत बसले.

त्या दिवसानंतर अप्पांच्या तोंडून तो शब्द गेला. आधी माझ्या लक्षातही आलं नाही. मग एकदा गिरणीवाल्यानं माझ्यादेखत त्यांना विचारलं, "काय म्हणतंय तुमच्या पोरीचं क्रिटिकल?" अप्पा पिशवीचं तोंड बांधत पुटपुटले, "हाय काईतरी कॉलेजात." आणि माझ्याकडे न बघता पीठ उचलून चालू लागले. मला रस्त्यातच रडू फुटलं. मी त्यांच्या चार पावलं मागून घरी आले.

तेव्हापासून माझं एकच चाललं होतं. अप्पांना सांगायचं की तुमचा अर्थ चुकला नव्हता, आणि तो शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकायचा. पण मी पडले शहाणी. मला ते साधंसुधं सांगायचं नव्हतं. प्रबंध होऊ दे, म्हटलं. पहिल्याच पानावर अप्पांचं क्रिटिकल मांडीन, नीट, मानानं, आणि पुस्तक त्यांच्या हातात देईन. अशी दोन वर्षं काढली. बापाला सॉरी म्हणायला मला तीनशे पानं लागणार होती. ते रोज शेजारच्या खोलीत बसलेले असायचे, आणि मी दार लावून त्यांच्याविषयी लिहीत असायचे. मधूनच दार ढकलून ते चहा ठेवून जायचे.

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण चालू होतं. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते. कंपनीतून काकांचा फोन आला. हे काका महाळुंग्याचेच, ज्यांच्या शेतांवर कंपन्या उठल्या त्यांतले, अप्पांच्या टेबलाला टेबल लावून बसणारे. "पोरी," ते म्हणाले, "अप्पा टेबलावरच कलंडले. उजवा हात उचलंना, बोलता बी येईना. आमी दवाखान्यात निघालोय, तू थेट तिकडंच ये." मी कशी पोचले मला आठवत नाही. बसमध्ये एका बाईनं मला पाणी दिलं एवढं आठवतं.

आई माझ्या आधी पोचली होती. आयसीयूच्या दाराशी डॉक्टर आले, तरुण होते, थकलेले. म्हणाले, "मेंदूत रक्ताची गुठळी आहे. पेशंट क्रिटिकल आहे. तीन दिवस काही सांगता येणार नाही."

आईनं तो शब्द ऐकला आणि गर्रकन माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर, काय सांगू, आशा होती. "क्रिटिकल मंजे तुझंच ना हे?" तिनं माझा दंड धरला. "तू शिकलीस ना? एवढे वर्षं तेच शिकलीस ना? मंग सांग की यांना काय करायचं ते!" डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. त्यांना वाटलं मी डॉक्टर आहे. "कुठे करता तुम्ही प्रॅक्टिस?" त्यांनी अदबीनं विचारलं. मी मान हलवली. मग आईला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, की आई, माझं ते वेगळं आहे, त्यानं माणूस वाचत नाही.

ती दुपार मी आणि काका बाहेरच्या बाकावर बसून होतो. काका हातातली टोपी फिरवत होते. मग आपणहून बोलले, "तुला म्हाईत न्हाई, पर तुज्या त्या ताथवड्याच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी अप्पा कामावर आला, अन् नव्या इंजिनियर पोराला विचारलं, सायेब, क्रिटिकलचा कॉलेजातला अर्थ काय वो? त्यानं मोबाईलमंदी बगितलं. म्हनला, टीका करनं, चुका काढनं. तर तुझा बाप असा हसला! म्हनला, मंग तेच की! आपन तरी दिवसभर दुसरं काय करतो? चुकाच काढतो की!"

चार विभागांत, सहा वर्षांत जे मला धड मांडता आलं नव्हतं ते अप्पांनी टेबलाशी बसून दोन वाक्यांत सोडवलं होतं.

"मी म्हनलं, मंग सांग की घरी जाऊन पोरीला," काका म्हणाले. "तर म्हनला, न्हाई. मी तोंड उघडलं की लोक तिला हसत्यात. तिचं नाव खराब व्हतं माज्यापायी."

काका पुढेही काहीतरी बोलत होते. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. दोन वर्षं मला वाटत होतं की ते दुखावून गप्प झालेत. ते मला सांभाळत होते. लोक मला हसले असं धरून बसले होते ते. मला!

अप्पा वाचले. पण डॉक्टरांनी कागदावर मेंदूचं चित्र काढून समजावलं की उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि समोरचा बोलतो त्यातलंही फारसं कळणार नाही. एक शब्द तेवढा उरला, "बगू." चहा आणला की बगू. दुखलं की बगू. मी बाहेरून आल्यावर माझ्याकडे बघून बगू. आई म्हणते, त्यातला फरक तिला कळतो. मला नाही कळत.

प्रबंधाचं पहिलं प्रकरण मी फाडून पुन्हा लिहिलं. मानानं मांडायचं म्हणता म्हणता तिथेही किस्साच उतरला होता, तो काढला. त्या जागी अप्पांचं म्हणणं ठेवलं, जसंच्या तसं, त्यांच्या बोलीत, आणि खाली इंग्रजीत अर्थ. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, हा भाग सगळ्यांत सरस आहे. या वेळी कुणी हसलं नाही. मॅडमनी मला जवळ घेतलं. मी पदवी घेऊन घरी आले.

बांधलेली प्रत रविवारी सकाळी त्यांच्यापुढे ठेवली. खिडकीशी त्यांची खुर्ची असते आणि खुर्चीच्या दोन्ही बाजूंना दोन लहान स्टुलं, पूर्वी परातीच्या दोन बाजूंना डबा आणि झाकण असायचं तशी. मी खाली बसले, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सगळं सांगितलं. "अप्पा, तुमचं चुकलं नव्हतं. माझं चुकलं. मी लोकांना हसवलं तुमच्यावर. क्रिटिकल म्हणजे तुम्ही सांगितलं तेच." मी दोन-तीनदा म्हणाले. "क्रिटिकल, अप्पा. म्हणा ना. क्रिटिकल." ते माझ्या ओठांकडे बघत राहिले, आणि मी रडतेय असं दिसल्यावर डाव्या हातानं माझा गाल पुसला. "बगू," म्हणाले.

मग त्यांनी प्रबंध मांडीवर ओढला आणि पहिलं पान उघडलं. एक पान, दुसरं पान, तिसरं. प्रत्येक पानाच्या कडेवरून अंगठा वरपासून खालपर्यंत फिरवायचे, मग उलटायचे. तीनशे बारा पानं. एक सोडलं नाही. आईनं दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही गार झाले. तो शब्द जवळपास प्रत्येक पानावर होता, ठळक अक्षरांत शीर्षकांतही होता. पूर्वी तो त्यांना खोलीच्या त्या टोकावरून दिसायचा. मी त्यांच्या डोळ्यांकडे टक लावून होते. एकदाही ते त्याच्यापाशी थांबले नाहीत.

शेवटचं पान झालं. त्यांनी प्रबंध मिटला, पुठ्ठ्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि तो उचलून डावीकडच्या स्टुलावर ठेवला.

मला माहीत आहे. उजवा हात चालत नाही. चष्मा, कप, गोळ्यांची पट्टी, सगळं ते डावीकडेच ठेवतात. तरी मी उठले, प्रबंध उचलला आणि त्यांच्या उजवीकडच्या स्टुलावर ठेवला. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग डावा हात छातीवरून आडवा नेत, खुर्चीत अर्धे कलंडत, धापा टाकत त्यांनी तो पुन्हा ओढून घेतला आणि परत डावीकडे ठेवला.

"अगं, हाताशी पायजे असंल त्यांना," आई म्हणाली.

मी "हो" म्हणाले.